खालचा मजला

आसारामला परसाकडं न्यायचं काम गोजरबाई उजाडायच्या आत उरकायची. कारभारीअण्णाच्या पत्र्याच्या खोल्यांपासून ओढा काही लांब नव्हता. धडधाकट गडी बिडी संपायच्या आत जाऊन आला असता. पण आसाराम थोडं चालायचा की खाली बसायचा. छातीतून खडी उपसल्यासारखा आवाज यायचा. मग गोजरबाई त्याच्या काखेत हात घालून त्याला उभा करायची, पुन्हा थोडं चालवायची. पावसाळ्यात ओढ्याची उतरण निसरडी झाली की सरळ पाठुंगळी घ्यायची. उसाच्या मोळ्या वाहिलेली बाई ती, नवऱ्याचं तिला ओझं वाटत नव्हतं. आणि तो दिवसेंदिवस हलकाच होत चालला होता.

जड जायचं ते आसारामला. खोल्यांवरचं एक टारगट एकदा बोलून गेलं की बायकोला घोडं करून हगायला जाणारा हा पहिलाच नवरा बघितला.  त्या दिवसापासून आसारामनं जेवण निम्म्यावर आणलं. खाल्लंच नाही तर जावं लागणार नाही, असं त्याचं गणित. गोजरबाईनं समजावलं, शिव्या दिल्या, भाकरी कुस्करून पुढं ठेवली. तो दोन घास घ्यायचा आणि ताटली सारून द्यायचा.

दोघं मूळची पाथर्डीकडच्या एका बौद्धवाड्यातली. लग्नानंतर दरसाल कोयता घेऊन कारखान्यावर जायची, उसाचे फड तोडायची. मग आमच्या चिंचखडीच्या माळावर एमायडीसी आली. रस्ते व्हायला लागले, रस्त्याला खडी लागायला लागली, आणि नाल्यापलीकडं क्रशर सुरू झाला. आता एका जागी राहायचं, असं म्हणून आसाराम तिथं लागला. मशीनच्या तोंडात दगड टाकायचं काम. तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचा. संध्याकाळी घरी आला की भुवया, पापण्या, कानाची भोकं सगळी पांढरी, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. रस्ते झाले, क्रशरवाला मशीन उचलून दुसरीकडं गेला. भुकटी आसारामच्या छातीत राहिली. गोजरबाई एका कंपनीच्या कँटीनात ताटं धुवायला लागली होती, तेवढ्यावर दोघं जगत होती.

माळावर कंपन्या उभ्या राहिल्या तशी गावात माणसं वाढली. कोण पाथर्डीचं, कोण जामखेडचं, कोण पार बिहारातलं. रस्त्याकडेला ज्याची जागा होती त्यानं पत्र्याच्या खोल्या ठोकल्या. सगळ्यांत जास्त खोल्या कारभारीअण्णाच्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी बाया पोरं घेऊन बाभळीखाली बसायच्या. सगळ्यांत मिळून पाण्याची एक टाकी, बौद्धवाडाही तिथंच पाणी भरायचा. संडास नाही, ओढा. भाडेकरू ठेवताना आपण जात विचारत नाही, असं अण्णा सांगायचा, आणि ते खरं होतं. टाकीवर मात्र त्याची बायको आक्काबाई उभी राहून कुणाचा हंडा कुणाच्या आधी लागतो ते बघायची. बायकांचं आरक्षण आलं तेव्हापासून सरपंच आक्काबाई होती. सह्या तिच्या, आणि कारभार नावाप्रमाणं कारभारीअण्णाचा.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात जिल्ह्याचे एक साहेब गावात आले. गायरानावर कामगारांसाठी आणि गावातल्या बेघरांसाठी स्वस्तात घरं बांधायची सरकारी योजना होती. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पाहिजे होता. शाळेच्या पटांगणात सभा झाली. आता गोम अशी की आमच्याकडं फ्लॅटला पलाट म्हणतात आणि प्लॉटलाही पलाट म्हणतात. साहेब फ्लॅट फ्लॅट करत राहिले, गावानं ऐकलं पलाट. प्रत्येकाच्या डोळ्यापुढं दगडानं आखलेला जमिनीचा तुकडा उभा राहिला, दारात शेळी, कडंला शेवग्याचं झाड. अख्ख्या गावानं हात वर केला. भागूबाईंनी तर दोन्ही हात वर केले. भागूबाई म्हणजे मराठ्याची विधवा बाई, अण्णाच्या मळ्यात खुरपायच्या. भावकीनं जमिनीतून उठवलेलं, अण्णाच्याच गोठ्याला लागून एका छपरात राहायच्या. सभेतून जाताना त्यांना रडू आवरत नव्हतं.

साहेब दुसऱ्यांदा आले ते नकाशा घेऊन. फळ्यावर टाचण्या लावून टांगला. तळमजला आणि त्यावर तीन मजले. एकाच्या डोक्यावर दुसरा, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसरा. कुणाला कुठलं घर ते चिठ्ठ्या टाकून ठरणार.  मग एकेक बोलायला लागला. शेळ्या कुठं बांधायच्या. म्हातारी मेली तर तिरडी जिन्यातून उतरणार कशी. गायरान गेलं तर गावच्या गुरांनी एमायडीसीत जायचं का. ज्यांच्या खोल्या होत्या त्यांच्या पोटात भाड्याची कळ उठली होती, पण ती कुणी तोंडावर आणली नाही. सगळे गुरांचंच बोलत होते.

तेवढ्यात आक्काबाई बोलली. ती सभेत कधी बोलायची नाही, पदर दातात धरून बसायची. साहेबांच्या खुर्चीशेजारची खुर्ची सोडून ती उभी राहिली.

"साहेब, आमच्या लोकांच्या देवाऱ्याच्या वर कुनाचा संडास येनार, तेवढं सांगा."

साहेबांनी नकाशावर बोट ठेवून समजावलं की संडासावर संडास येतो, मोरीवर मोरी, देवाऱ्यावर कधी येणार नाही, पाइप सगळे भिंतीच्या बाहेरून. मागं कोणतरी खुदकन हसलं. साहेबांना वाटलं आपलं पटलं. कारभारीअण्णानं गोड आवाजात सावरून घेतलं, की बायामाणसांना पायपाचं काय कळतंय, साहेबांनी मनावर घेऊ नये.

बौद्धवाड्यातली माणसं लिंबाखाली बसली होती. त्यातला भीमराज उठला. आयटीआय झालेला, कंपनीत फिटर, बोलायला धारदार.

"पायपाचं न्हाई, अन्ना. पायांचं हाय. कुनाचे पाय कुनाच्या डोस्क्यावर येत्याल, ह्ये इचारत्यात वैनी. तुमाला कळलंय, आमालाबी कळलंय. साहेबांनाच कळंना."

मग सभेचा बाजार झाला. आम्ही कुणाला कमी लेखत नाही, पण घरात देवधर्म असतो, असं एक बाजू म्हणायची. दुसरी म्हणायची की आमचा पोरगा वर राहिला तर तुमचा देव बाटतो का. कंपनीत एका मशीनवर शेजारी उभे राहणारे दोघं तिथं एकमेकांची गचांडी धरायला उठले. साहेबांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग सांगितलं की एकमत होत नसेल तर योजना दुसऱ्या गावाला जाईल, मागणारी गावं पुष्कळ आहेत. आणि नकाशाची एक टाचणी काढली.

गोजरबाई कँटीनातून थेट सभेला आली होती. हातावर सोड्याची पांढरी पुटं तशीच. ती बायांच्या मागं, शाळेच्या पायरीपाशी बसली होती. तिनं नकाशावर बाकी काही बघितलं नव्हतं. साहेबांनी पहिल्यांदा सांगितलं होतं की प्रत्येक घरात आत संडास आहे, तिथंच तिचं मन अडकलं होतं. आणि मग जिन्यापाशी. चिठ्ठीत वरचं घर निघालं तर आसारामला रोज चढवायचं कसं, याच विचारात ती होती. टाचणी निघालेली बघितली आणि ती उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा ती चार माणसांत बोलली.

"साहेब, आमाला खालचा मजला द्या. आमी खालीच बरं."

 मग कारभारीअण्णानं टाळी वाजवली. अण्णाच्या खोल्यांना योजनेनं धोका होता, पण घरं होणारच असतील तर असं होऊ द्यावं, एवढा हिशोब त्याच्या डोक्यात त्या क्षणाला झाला असणार. त्यानं बसल्या जागी तोड काढली. त्यांचीच बाई म्हणते आहे, तर खालचा मजला बौद्धवाड्याला आणि तसल्यांना, वरचे मजले बाकीच्यांना. साहेब सुटल्यासारखे झाले. पुढच्या सभेत पक्का ठराव करू म्हणाले. भीमराज ओरडत होता, पण हलकल्लोळात कुणी ऐकलं नाही. आक्काबाई खाली बसली आणि तिनं पदर सारखा केला.

घरी येऊन गोजरबाईनं नवऱ्याला सांगितलं की खालचं घर मिळतंय, आत संडास, दाराला कडी. आसारामनं विचारलं, संडासाचं दार खोलीतूनच का बाहेरून. खोलीतूनच, ती म्हणाली. त्या दिवशी तो अख्खी भाकरी जेवला. वर कोरड्यास मागून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य गावात फिरायला लागलं. टाकीवर बौद्धवाड्यातली एक पोर हंडा पुढं सरकवायला गेली, तर आक्काबाईनं तो पायानं मागं लोटला. तुमीच म्हनलाव ना, खालीच बरं म्हनून, मग थांबा जरा. एसटी स्टँडवरच्या हॉटेलात वाड्यातले एक म्हातारे बाकड्यावर टेकायला गेले, तर हॉटेलवाल्यानं हसत हसत पायरीकडं बोट केलं. चेष्टाच ती. पण त्या बाकड्यावर बसायला त्या म्हाताऱ्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. कँटीनात गोजरबाईच्याच शेजारी ताटं पुसणाऱ्या बाईनं वाकून खालच्या नळाकडं दाखवलं. ह्यो तुजा, म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

आठवडाभरानं भीमराज वाड्यातली दोन जाणती माणसं घेऊन गोजरबाईच्या खोलीवर आला. आसाराम भिंतीला टेकून बसला होता, झोपणं त्याला जमत नव्हतं. भीमराजनं आवाज चढवला नाही. त्यानं आपल्या आज्याचं सांगितलं. आजा कारभारीअण्णाच्या बापाच्या घरापुढं पायरीच्या खाली उभा राहायचा आणि वरून टाकलेली भाकरी धोतराच्या सोग्यात झेलायचा. त्या पायरीवर पाऊल ठेवायला भीमराजच्या घराच्या तीन पिढ्या गेल्या.

"आन् तू भर सभेत, साहेबाच्या म्होरं, समद्यांला परत पायरीच्या खाली बसवलंस, मावशे."

"म्या समद्यांचं न्हाई बोलले," गोजरबाई म्हणाली. "आमी म्हंजी मी आन् ह्ये. ह्येंला जिना चढवत न्हाई."

"मला ठावं हाय. पन तू 'मी' न्हाई म्हनलीस. 'आमी' म्हनलीस. गावानं त्यांना पायजे त्योच 'आमी' ऐकला."

पुढच्या सभेत उभं राहून तिनं शब्द मागं घ्यावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मागं घेतला तर पलाट जाईल, ती म्हणाली. भीमराज खोटं बोलला नाही. जाईल, म्हणाला. बरोबरच्या दोघांनी मान खाली घातली, कारण त्यांची पोरंही पत्र्याखालीच भाजत होती. त्यांनाही घर पाहिजे होतं.

ती माणसं गेली. मग आसाराम दम घेत घेत बोलला.

"मला घरात हगायला मिळावं म्हनून समद्यांला खाली बसवायचं व्हय गं?"

"तुला पाठीवर घिऊन मी जाती. समदे न्हाईत जात," ती म्हणाली. तिचा राग नवऱ्यावर होता का वाड्यावर, का स्वतःच्या जिभेवर, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी भाकरी तशीच राहिली, दोघांचीही.

कारभारीअण्णाही एकदा खोलीवर येऊन गेला. दारात उभा राहून त्यानं आसारामची विचारपूस केली, असली विचारपूस त्यानं आधी कधी केली नव्हती. कोपऱ्यावरचं, पाण्याजवळचं घर गोजरबाईच्या नावानं निघेल असं बघतो, म्हणाला. तिनं काही करायचं नाही. सभेत यायचं आणि गप्प बसायचं.

गप्प बसणं हे तिला सगळ्यांत सोपं होतं. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. सभेच्या दिवशी तिनं आसारामच्या उशाला पाण्याचा तांब्या ठेवला आणि निघाली. काय करणार ते तिनं त्याला सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

पटांगण गच्च भरलं होतं. कारभारीअण्णानं ठराव वाचला. बौद्ध कुटुंबांनी स्वतःहून केलेल्या मागणीनुसार तळमजला त्यांना देण्यात यावा, असं त्यात होतं. स्वतःहून केलेल्या मागणीनुसार, हे त्यानं दोनदा वाचलं. भीमराज लिंबाखाली उभा होता. तो नुसता गोजरबाईकडं बघत राहिला. सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. भागूबाईही बघत होत्या, हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून.

गोजरबाई उठली. मागच्या खेपेला बोललेलं आपल्या घरापुरतं होतं, असं तिनं सांगितलं. नवऱ्याच्या छातीत क्रशरची भुकटी आहे, त्याला जिना चढवत नाही, म्हणून आपल्याला खालचं घर पाहिजे. वाड्याचं आपण काही बोललो नाही आणि बोलायचा आपल्याला हक्कही नाही. एवढं बोलून ती खाली बसायला लागली, तर कारभारीअण्णानं तिला थांबवलं. आवाजात अजून गोडी होती.

"म्हंजी उद्या चिठ्ठीत तुमच्यातला कुनी आमच्या वर आला, तर चालंल म्हनतीस तू?"

इथं ती गप्प बसली असती तरी निभावलं असतं. नवऱ्याच्या आजाराचं बोलली, पुढचं मला काय कळतंय, असं म्हणून पदर ओढला असता तर अण्णानं ठराव तसाच पुढं रेटला असता. ती खाली बसली नाही. सोड्यानं भेगाळलेले हात लुगड्याला पुसले.

"ज्याला चढवतंय त्यो वर राहील, अन्ना. ज्याला न्हाई चढवत त्यो खाली राहील. दुसरं काय असतंय जिन्यात?"

लिंबाखालून टाळ्या पडल्या. बाकीच्या पटांगणात चुळबूळ झाली. अण्णाच्या तोंडावरची गोडी गेली. त्यानं ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, गायरानावर असली घरं नकोत असं किती जणांचं म्हणणं आहे. हात वर व्हायला लागले. खोल्यावाल्यांचे आधी, मग त्यांच्या भावकीचे, मग त्यांच्या मळ्यात राबणाऱ्यांचे. भागूबाईंचा हात उशिरा वर आला, कोपरात वाकलेला, आणि नजर मातीत. या वेळी एकच हात.

साहेबांनी सगळ्या टाचण्या काढून डबीत भरल्या. नकाशाची गुंडाळी केली, चहा न घेता जीपमध्ये बसले. पुढं ती योजना रस्त्यावरच्याच दुसऱ्या गावानं घेतली.

महिना संपायच्या आत कारभारीअण्णानं खोली मोकळी करायला सांगितली. कडबा ठेवायला जागा कमी पडते, म्हणाला. दुसऱ्या कुणाच्या खोल्यांवर जागा मिळेना. रिकाम्या खोल्यांच्या दारात उभं राहून मालक सांगायचे, भरलंय. भीमराजनं गोजरबाईला वाड्यात आणलं. वाड्यात तरी जागा कुठली, एकेका घरात तीन तीन चुली. विहाराच्या ओट्यावर गोणपाटाचा आडोसा केला आणि आसारामला चौघांनी उचलून तिथं ठेवलं. वाड्यानं त्यांना डोक्यावर घेतलं. घराघरातून भाकरी यायच्या, कालवण यायचं. भीमराज भाषणात गोजरबाईचं नाव घ्यायचा.

पावसाळा लागला तशा भाकरी कमी झाल्या. विहाराच्या ओट्यावर वास येतो, वंदनेला बसता येत नाही, अशी कुजबुज सुरू झाली. गोजरबाई ओटा रोज दोनदा धुवायची. आसारामला न्यायला आता ओढा लांब पडत होता, त्यामुळं ती गोणपाटाच्या आत डबा ठेवायची आणि कँटीनातून आल्यावर रिकामा करायची. कुणी तोंडावर काही बोललं नाही. बोलायची वेळ आलीच नाही. भादव्यात एका दुपारी ती ताटं धुवत असताना आसाराम बसल्या बसल्या गेला. निरोप आला तेव्हा पाळी सुटायला थोडाच वेळ होता. ताटं संपवून ती निघाली. मुकादम अर्ध्यातून सोडत नव्हता.

जलदानाच्या विधीला वाड्यातली सगळी माणसं आली. गावातलं कुणी आलं नाही. ते झाल्यावर, बाजाराचा दिवस होता आणि निम्मं गाव बाहेर होतं, तेव्हा भागूबाई आल्या. विहाराच्या पायरीपाशी घुटमळल्या, मग वर येऊन गोणपाटाजवळ टेकल्या. 

"म्या हात वर केला हुता," भागूबाई म्हणाल्या.

"दिसला मला."

"न्हाई केला असता तर अन्नानं मळ्यात पाय ठिवू दिला नसता. छप्परबी गेलं असतं."

"व्हय," गोजरबाई म्हणाली.

भागूबाईंनी आपलं सांगायला सुरुवात केली. गोठ्याच्या भिंतीतून ओल येते, गुरांचं मूत अंथरुणाखाली येतं, रात्रभर बसून काढावी लागते. पलाट झाला असता तर, असं म्हणून त्या तिथंच थांबल्या. गोजरबाईनं ऐकून घेतलं.  ऊन चढत होतं. भागूबाईंचा घसा कोरडा पडला होता, त्यांची नजर कोपऱ्यातल्या माठाकडं दोनदा गेली. गोजरबाई उठली, तांब्या भरला आणि त्यांच्यापुढं जमिनीवर ठेवला.

भागूबाईंनी आधी रस्त्याच्या या टोकाला बघितलं, मग त्या टोकाला. कुणी येत नव्हतं. मग त्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायल्या.